टपालपेटीवरचे लाल रबरबँड

शनिवार, ७ जून

धाकट्या,

फोन तू कट करतोस. पत्र निदान फाडायला तरी हातात घ्यावं लागतं, म्हणून लिहितो आहे.

तीन आठवडे झाले तुला जाऊन. तुझी वहिनी माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलते. मीठ कुठे आहे विचारलं तर बोटाने दाखवते. खालच्या मजल्यावरच्या दंतवैद्याने परवा जिन्यात गाठून विचारलं, भाऊ हल्ली दिसत नाही? मी सांगितलं, कामाजवळ खोली घेतली आहे. एकतीस वर्षं नोकरीत एक खोटं बोललो नाही, ते या वयात तुझ्यामुळे बोललो.

आणि कशावरून? सूपाच्या एका डब्यावरून. लोक घरादारावरून भांडतात, आपण सूपावरून. कुणाला सांगायचीही सोय नाही.

तुझ्या कामाची मला लाज वाटते असं तुला वाटत असेल, तर ते डोक्यातून काढून टाक. छापखाना बंद पडला, पन्नाशी उलटलेल्या मशीनवाल्याला दुसरं कोणी उभं करेना, मग तू पाठीवर ती चौकोनी पेटी बांधलीस. त्यात लाज कसली? किळस वाटली, ती वेगळी गोष्ट. दहा घरांच्या जेवणांचा मिळून त्या पेटीला जो एक वास असायचा तो सोफ्यात मुरला होता. मी म्हटलं, ही बाहेर ठेव, मला मळमळतं. तू निमूट उचलून जिन्यात ठेवलीस. त्याचा राग धरला असशील तर तसं लिही.

दुसरं तुझ्या सिगरेटचं. गुरुवारी वहिनी स्वयंपाकघराला कुलूप लावते. ती म्हणते, तुम्ही रिटायर झालात तसं मीही आठवड्यातून एक दिवस रिटायर. म्हणून आपण बाहेरून मागवतो. आणि गुरुवारी तुझीही सुट्टी. पण डिलिव्हरीवाल्याने खालून फोन केला रे केला, की तू चपला घालून चालता व्हायचास. 'एक सिगरेट ओढून येतो.' दहा वर्षांपूर्वी सोडलेली सिगरेट, आणि तीही ताटावर बसायच्या वेळेला! तुझं सूप गार व्हायचं. मला धुराचा तिटकारा आहे हे तुला माहीत आहे, तरी मी ब्र काढला नाही.

त्या शेवटच्या गुरुवारी तू सुट्टी घेतली नव्हतीस आणि आमची ऑर्डर नेमकी तुझ्याच वाट्याला आली. दार उघडलं तर समोर तू. हेल्मेट काखेत, छाती पुढे, 'साहेब, आपलं सूप.' वहिनी हसून हसून खुर्चीवर बसली. मीही हसलो. तू पुढच्या ऑर्डरला गेलास. काम संपवून आलास, मला काहीतरी विचारलंस, मी काहीतरी उत्तर दिलं, आणि तू कपडे भरायला घेतलेस. काय विचारलंस ते आता मला नीटसं आठवत नाही.

दोन ओळी लिही. शिव्या लिहिल्यास तरी चालतील.

दादा


गुरुवार, १९ जून

धाकट्या,

उत्तर नाही. बरं.

एक बातमी आहे. रबरबँड परत सुरू झाले. खाली आपल्या टपालपेटीच्या कडीला कोणीतरी लाल रबरबँड अडकवून जातं, तुला मी सांगितलं होतं. पोस्टमनच असणार, गठ्ठ्याचा सुटलेला ठेवत असेल बिचारा. गेल्या वर्षभरात बिस्किटांचा अख्खा डबा भरला. विजेची बिलं, औषधांच्या चिठ्ठ्या, सगळं त्यातच बांधलेलं आहे. तू राहायला आलास आणि जानेवारीपासून ते एकदम बंद झाले. मी जेवताना म्हटलंही होतं, पोस्टमन बदललेला दिसतो. तू मान खाली घालून भात कालवत बसलास. आता या दोन आठवड्यांत तीन मिळाले. त्यातले दोन या पाकिटात घालतो आहे. तुझ्या खोलीत कागद इकडेतिकडे पडलेले असतील, बांधून ठेव.

आता मुद्द्यावर येतो, कारण तुझ्या मनात तोच असणार. टिप.

माझं म्हणणं मी चार महिने जेवणाच्या टेबलावर मांडलं आणि आजही त्यातला काना-मात्रा बदलणार नाही. डिलिव्हरी चार्ज, पॅकिंग चार्ज, गर्दीच्या वेळेचा चार्ज, आणि त्यावर निव्वळ ॲप वापरल्याचा चार्ज. जेवणाच्या निम्मी रक्कम जेवण आणण्याला. एवढं ओरबाडून झाल्यावर खाली बटणं येतात आणि शेजारी एक पिवळा चेहरा डोळे मिचकावतो. 'आपल्या डिलिव्हरी पार्टनरला खूश करा.' मला ओकारी येते. पार्टनर म्हणायचं आणि पोटापुरतं द्यायचं नाही, ते आम्ही द्यायचं. तू म्हणायचास, दादा, त्या चार्जातलं आमच्या हातात जवळजवळ काही येत नाही. मी म्हणायचो, मग कंपनीची मान धर, माझा खिसा का?

हे मी कंजूषपणाने बोलत नाही, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत आहे? तुझी शाळा, तुझे बूट, तुझा चष्मा, बाबा गेल्यावर सगळं या हातांनी केलं. मी वजनमापांचा इन्स्पेक्टर होतो. दुकानात शिरलो की काटा बघायच्या आधी चहा पुढे यायचा. एकतीस वर्षांत एकाही दुकानात मी चहा घेतला नाही. हाताच्या तळव्यात हळूच सरकवलेल्या पैशाची मला शिसारी आहे. तो पैसा देणाऱ्याला माजवतो आणि घेणाऱ्याला वाकवतो.

आता तू म्हणशील, मग दादा, ऑर्डर करताना टिपचं सगळ्यात मोठं बटण का दाबायचास?

ते मला दंतवैद्याने शिकवलं. टिप शून्य दिसली तर ऑर्डर कोणी उचलत नाही, जेवण हॉटेलच्या काउंटरवर गार होत पडतं. मोठी दिसली की अर्ध्या तासात दारात. आणि जेवण आल्यावर तासाभरात ती बदलता येते, ॲपमध्येच तशी सोय आहे. आपण मागत नाही, चोरत नाही, सोय वापरतो. तो हे सांगताना जे हसला, ते हसू मला आवडलं नव्हतं. पण सूप गरम आलं.

कंपनी माझ्याशी डाव खेळते, मी कंपनीशी. यात कोणाचं काही गेलं असं मला वाटत नाही.

दादा


शुक्रवार, ४ जुलै

धाकट्या,

रबरबँड मिळाले का? वापरत नसशील तर राहू दे.

आता आमची ऑर्डर कोणी घेत नाही. दोन गुरुवार झाले. मोठं बटण दाबूनही फोनवर तेच चक्र फिरत राहतं, 'जवळचा पार्टनर शोधत आहोत.' काल पाऊण तासाने वहिनी म्हणाली, द्या इकडे तो फोन, रद्द करते, ब्रेड खाऊ. तिने ऑर्डर रद्द केली आणि मग तिथेच जुन्या ऑर्डरींची यादी उघडून बसली. चष्मा लावला. बाई आयुष्यभर वॉर्डात रात्रपाळीला तक्ते वाचत होती, तिच्या नजरेतून काही सुटत नाही. प्रत्येक गुरुवारपुढे टिपचा आकडा, आणि त्याच्याखाली 'बदललेली टिप: शून्य'. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी कधी सांगितलं नव्हतं. ती बोटाने वर सरकवत सरकवत मे महिन्याच्या त्या गुरुवारपाशी आली आणि थांबली.

"त्याचीसुद्धा?" तिने विचारलं.

ती उठून आतल्या खोलीत गेली. ब्रेड तसाच राहिला.

मी पहिल्या पत्रात लिहिलं की तू काय विचारलंस ते मला आठवत नाही. खोटं लिहिलं. मला सगळं आठवतं. तू दारातच उभा होतास, बूटही काढले नव्हतेस. आवाज चढवला नव्हतास. फोन माझ्यापुढे धरलास आणि म्हणालास, "दादा, मला पण?"

आणि मी पेपर खाली न ठेवता म्हणालो, "नियम सगळ्यांना सारखा."

तुला वाटलं असेल, विसरून झालं, हाताला लागलेली सवय. तेवढं तरी असतं तर बरं झालं असतं. मी विसरलो नव्हतो. तू सूप देऊन पुढच्या ऑर्डरला गेल्यावर मी फोन हातात घेऊन बराच वेळ बसलो होतो. राहू द्यावी असं मनात आलंही. मग वाटलं, भाऊ म्हणून ठेवली तर वशिलेबाजी झाली. बाकीच्यांची काढायची आणि घरच्याची ठेवायची, हे माझ्या तत्त्वात बसेना. म्हणून काढली. काढताना मला बरं वाटलं, धाकट्या. आपण किती सचोटीचे, असं वाटलं. आज ते आठवलं की तोंड कडू होतं.

चार मजले चढून आला होतास. लिफ्ट तेव्हाही बंद होती.

दादा


शुक्रवार, ११ जुलै

धाकट्या,

हे पत्र वाच. आधीची वाचली नसलीस तरी हे वाच.

काल गुरुवार. मी ऑर्डर केली, मोठं बटण दाबलं आणि ठरवलं की या वेळी हात लावायचा नाही. वहिनीला दाखवून दाबलं. ती म्हणाली, मला काय दाखवता. तासाभराने एक बाई आल्या. पंचावन्नच्या पुढच्या असतील, जाड भिंगांचा चष्मा, कठड्याला धरून एकेक पायरी. डबा गार झालेला. माझ्या जिभेला हाड नाही हे तुला माहीतच आहे. मी दारातच विचारलं, एवढा उशीर का होतो हल्ली आमच्याकडे?

त्या धापा टाकत होत्या. जरा थांबून म्हणाल्या, "तुमच्या पेटीवर लाल आहे ना."

मी म्हटलं, लाल म्हणजे काय?

"रबरबँड. टिप दाखवून काढून घेणाऱ्या घरांना आम्ही लावतो. मागून येणाऱ्याने बघावं आणि या घराची ऑर्डर पुन्हा घ्यायची का नाही ते ठरवावं. तुम्ही रोज काढून टाकता, म्हणून परत लावतो."

वर्षभर मी ते जमवत होतो. बिस्किटांच्या डब्यात. पोस्टमनला मनातल्या मनात आशीर्वाद देत होतो. आणि तुला दोन पाठवले, कागद बांधून ठेव म्हणून! पाकीट उघडून ते हातात आल्यावर तुला काय वाटलं असेल, याचा विचार कालपासून करतो आहे. मुद्दाम नव्हतं रे. तू वाटेल ते समज माझ्याबद्दल, पण ते मुद्दाम नव्हतं.

मी त्यांना विचारलं, मग आज तुम्ही कशा आलात? त्या म्हणाल्या, "तुमच्या भावाकडे बघून. इथे राहायचे तेव्हा ते खाली पेट्यांपाशी थांबायचे. आम्ही उतरलो की ॲपवर जेवढी दिसली तेवढी टिप रोख हातात ठेवायचे. म्हणायचे, दादाचा फोन जुना आहे, त्यात पैशांची गडबड होते, तुम्ही त्याला नावं ठेवू नका." मग चष्मा पुसत म्हणाल्या, "फोनचं काही नव्हतं हे आम्हाला कळत होतं. पण एवढ्या भल्या माणसाला खोटं कोण पाडणार? चार महिने आम्ही लाल लावलं नाही."

म्हणजे सिगरेट नव्हतीच. मी नाकाने कांदे सोलत बसायचो, आणि तुझ्या शर्टाला कधी धुराचा वास आला नाही हे माझ्या त्याच नाकाला कळलं नाही. स्वतः दिवसभर जिने चढून मिळवलेलं तू दर गुरुवारी खाली जाऊन वाटून यायचास, आणि मग वर येऊन गार सूप प्यायचास. माझ्यासमोर बसून. मी तुला वर तत्त्व शिकवत होतो.

आपली बाजू सावरायला मी त्या बाईंपुढेही तेच तुणतुणं लावलं. डिलिव्हरी चार्ज एवढा घेतात, कंपनीने तुम्हाला नीट द्यायला नको का? त्या म्हणाल्या, "द्यायलाच हवं. तुम्ही लिहिलंत का कधी कंपनीला?"

नव्हतं लिहिलं. एक ओळ नाही. ज्या माणसाने नोकरीत हजारो नोटिसा काढल्या, त्याने त्या कंपनीला एक साधं पत्र लिहिलेलं नाही. मी लढलो तो चार मजले चढून आलेल्यांशी, तेही पाठ फिरल्यावर.

त्या गेल्या आणि मी जेवणापुढे बसलो. नोकरीत मी एक दुकानदार पकडला होता, तुला गोष्ट सांगितली आहे. पारड्याखाली लोहचुंबक लावायचा. गिऱ्हाइकाला काट्यावर किलो दिसायचा, पिशवीत कमी जायचं. मी त्याला भर बाजारात म्हटलं होतं, काटा मारणाऱ्याच्या घरचं पाणीही पिऊ नये. तो रडला होता. मला दया आली नव्हती, किळस आली होती. दाखवायचं एक आणि हातात द्यायचं दुसरं. मी वर्षभर दर गुरुवारी आणखी काय करत होतो? त्याच्यापाशी निदान दुकान होतं. मी घरात बसून, पाय वर घेऊन, एका बोटाने काटा मारला. आणि तुलाही मारला, वर नियम सांगून.

आरशात बघवत नाही. दाढी तशीच ठेवली आहे.

दादा


गुरुवार, २४ जुलै

धाकट्या,

मागच्या पत्रालाही उत्तर नाही. मागत नाही. मी असतो तर मीही दिलं नसतं.

तुझे त्या दिवसाचे पैसे या पाकिटात घालणार होतो. वहिनी म्हणाली, घाला आणि बघा, तो रबरबँडांबरोबर परत पाठवेल. नाही घातले. हल्ली ती पुन्हा बोलते माझ्याशी. फार गोड बोलते असं नाही.

कंपनीला पत्र लिहिलं. तीन पानी, मुद्देसूद, जसं ऑफिसातून लिहायचो तसं. दोन मिनिटांत उत्तर आलं. 'तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे', पुढे तोच पिवळा चेहरा. दोन मिनिटांत तीन पानं कोणी वाचली? तळपायाची आग मस्तकात गेली. दुसरं लिहिलं आहे. तिसरंही लिहीन.

टिपबद्दल माझं मत बदललेलं नाही, हेही प्रामाणिकपणे सांगतो. आजही ती मला घाणेरडी गोष्ट वाटते. कोणाचं पोट माझ्या मर्जीवर असावं, आणि त्याने मला 'थँक्यू साहेब' म्हणावं, यात मला काही चांगलं दिसत नाही. पण कंपनी देत नाही तोवर ती मी देणार. ॲपवर आता शून्य ठेवतो. जे दाखवणार नाही ते काढून घेण्याचा प्रश्न नाही. जेवण उशिरा येतं, गार येतं, येऊ दे. द्यायचं ते रोख, हातात. पहिल्या वेळी माझाच तळवा घामाने चिकट झाला होता. घेणाऱ्याने माझ्या तोंडाकडे पाहिलंसुद्धा नाही, पैसे खिशात टाकले आणि हेल्मेट घातलं. मला ते फार आवडलं.

डब्यातले सगळे रबरबँड मी चष्मेवाल्या बाईंना परत दिले. बिलं आता सुतळीने बांधली आहेत. एक ठेवून घेतला आणि स्वतःच्या हाताने आपल्या पेटीच्या कडीला लावला. बाई म्हणाल्या, आता काढलात तरी चालेल. मी नको म्हटलं. पत्रं काढताना तो बाजूला सरकवतो आणि परत जागेवर ठेवतो. दंतवैद्याने विचारलं, हे काय? मी त्याला सगळं सांगितलं, आणि त्याच्या पेटीवर चार आहेत तेही दाखवलं. तो हसला नाही.

आमच्या खात्याचा नियम तुला लहानपणापासून पाठ आहे. नापास झालेल्या काट्यावरचं सील दुकानदाराने काढायचं नाही. ज्याने नापास केला त्यानेच यायचं, पुन्हा तपासायचं, आणि पटलं तरच काढायचं. पटलं नाही तर तसंच ठेवून निघून जायचं, कोणी त्याला चहासाठी थांबवायचं नाही.

गुरुवारी सात वाजले की मी चार मजले उतरून पेट्यांपाशी उभा राहतो. गुडघा बोंबलतो, पण राहतो. वहिनी विचारते, कुठे निघालात? मी सांगतो, एक सिगरेट ओढून येतो.

दादा